जँगोमध्ये संबंधित मॉडेल लोड करताना: एका पानाच्या २१०१ क्वेरी ३ वर कशा आणायच्या

जँगोवर (पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर) बनवलेलं यादीचं पान स्वतःच्या मशीनवर झटकन उघडतं आणि सर्व्हरवर गेल्यावर रेंगाळतं. मग कोणीतरी कॅश लावतं, कोणीतरी सर्व्हर मोठा करतं, आणि कोणीतरी दिसेल तिथे सिलेक्ट_रिलेटेड (संबंधित नोंदी त्याच क्वेरीत आणणारी जँगोची पद्धत) चिकटवतं. या तिसऱ्या उपायाची दिशा बरोबर असते, पण तो चुकीच्या क्रमाने केला जातो. आधी मोजायचं, मग क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) नेमक्या कुठल्या ओळीतून निघतात ते शोधायचं, आणि त्यानंतरच लोड करण्याची पद्धत बदलायची. हा क्रम उलटला की क्वेरी कमी होतात, पण पान तेवढंच हळू राहतं. काही वेळा तर आकडेच चुकीचे दिसू लागतात.

उदाहरणासाठी दिवाळी अंकांच्या सूचीची साइट घेऊ. मॉडेल पाच: अंक, प्रकाशक, लेख, लेखक, विषय. अंकाला एक प्रकाशक (फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या एका नोंदीचा आयडी). लेखाला एक अंक आणि एक लेखक (दोन्ही फॉरेन की). एका लेखाला अनेक विषय (मेनी टू मेनी). अंकाकडून लेखांकडे जाणाऱ्या नात्याचं रिलेटेड_नेम 'लेख' असं ठेवलं आहे. कोडच्या ओळी इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना जँगोच्या पद्धतींची नावं अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि अंडरस्कोरसकट लिहायची.

एका पानावर ५० अंक, प्रत्येकात २० लेख. प्रत्येक अंकाखाली प्रकाशकाचं नाव, लेखांची यादी, प्रत्येक लेखापुढे लेखक आणि विषय. काहीच न सांगता हे पान काढलं तर हिशेब असा होतो: अंकांची १ क्वेरी, प्रकाशकांच्या ५०, लेखांच्या ५०, लेखकांच्या १०००, विषयांच्या १०००. एकूण २१०१. डेटाबेसपर्यंतची एक फेरी २ मिलिसेकंदांची धरली तरी नुसत्या जाण्यायेण्यात ४.२ सेकंद गेले.

## टप्पा १: मोजण्याची तयारी

१.१ डेटा पुरेसा भरा. तीन अंक आणि प्रत्येकी एक लेख एवढ्या डेटावर हा दोष दिसतच नाही. किमान ५० अंक आणि १००० लेख भरा. जी फॉरेन की रिकामी राहू शकते ती काही नोंदींमध्ये मुद्दाम रिकामी ठेवा. टप्पा ७ मध्ये याची गरज पडेल.

१.२ डेटाबेस सर्व्हरवर आहे तोच वापरा. सर्व्हरवर पोस्टग्रेस असेल तर मोजमापही पोस्टग्रेसवरच करा. एसक्यूलाइटची फाइल त्याच मशीनवर आणि त्याच प्रोसेसमध्ये उघडलेली असते. तिथे नेटवर्कची फेरीच नसल्याने हजार क्वेरीही खपून जातात. ‘माझ्याकडे तर फास्ट चालतं’ या वाक्याचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो.

१.३ मोजणारं साधन लावा. ब्राउझरमधल्या पानासाठी जँगो डीबग टूलबार घ्या. त्याचं एसक्यूएल पॅनल एकूण क्वेरी दाखवतं आणि सारख्या व तंतोतंत दुहेरी क्वेरी वेगळ्या मोजून देतं. जेसन परत करणाऱ्या एपीआयवर टूलबार दिसत नाही. तिथे कॅप्चरक्वेरीजकॉन्टेक्स्ट वापरा. ते जँगोच्या टेस्ट युटिल्समध्ये आहे आणि डीबग बंद असतानाही क्वेरी टिपतं.

⚠ कनेक्शन.क्वेरीज ही यादी डीबग चालू असेल तेव्हाच भरते, आणि तिच्यात फक्त शेवटच्या ९००० क्वेरी राहतात. शेलमध्ये मोजताना प्रत्येक प्रयोगाआधी रीसेट_क्वेरीज चालवा. नाहीतर मागचा आकडा पुढच्यात मिसळतो.

तपासणी: आकडा कागदावर लिहा. २१०१. मग पानावरचे अंक ५० ऐवजी १० करा आणि पुन्हा मोजा. आकडा ४२१ झाला, म्हणजे नोंदींच्या प्रमाणात घटला, तर रोग हाच. आकडा स्थिर राहिला आणि पान तरीही हळू असेल तर हा लेख बाजूला ठेवा. मंद असलेली एखादीच क्वेरी शोधून तिच्यावर एक्सप्लेन (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी आज्ञा) चालवा.

## टप्पा २: क्वेरी कुठून निघते ते शोधा

जँगोचा क्वेरीसेट (पायथनमध्ये लिहिलेली, अजून न चाललेली क्वेरी) आळशी आहे. व्ह्यूमध्ये तो तयार होतो, पण डेटाबेसला हात लागतो तो कोणी त्यावर फिरू लागल्यावर, त्याची लांबी विचारल्यावर किंवा त्याची यादी केल्यावर. त्यामुळे व्ह्यूची फाइल कितीही डोळे फाडून वाचली तरी दोषी ओळ तिथे नसते. ती सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत:

टेम्प्लेटमधला आतला लूप ही पहिली. सिरिअलायझरमधलं (ऑब्जेक्टचं जेसन बनवणाऱ्या कोडमधलं) 'लेखक.नाव' सारखं सोर्स किंवा सिरिअलायझरमेथडफील्ड ही दुसरी. तिसरी आणि सर्वांत फसवी जागा म्हणजे मॉडेलवरची प्रॉपर्टी. एकूण_पानं अशी प्रॉपर्टी बाहेरून साधा आकडा दिसते आणि आत सेल्फ.लेख.अग्रिगेट(...) बसलेलं असतं. चौथी जागा __एसटीआर__. लेखाच्या __एसटीआर__ मध्ये अंकाचं नाव घातलं असेल तर नुसता लेख छापला की एक क्वेरी जाते.

टूलबारमध्ये क्वेरीची ओळ उलगडली की स्टॅकट्रेस मिळतो. सारख्या म्हणून दाखवलेल्या प्रत्येक गटातली एकच क्वेरी उलगडा आणि ओळ क्रमांक टिपा. २१०१ क्वेरी असल्या तरी हाती येणाऱ्या ओळी चारच असतील.

या टप्प्यावर एक फुकटची सुधारणा होऊन जाते. कोडमध्ये लेख.अंक.आयडी असं कुठे लिहिलंय का पाहा. त्या आयडीसाठी आख्खा अंक डेटाबेसमधून आणला जातो. लेख.अंक_आयडी लिहिलं की क्वेरीच नाही, कारण तो आकडा लेखाच्याच ओळीत आहे.

## टप्पा ३: प्रत्येक नात्याची दिशा लिहून काढा

कुठली पद्धत वापरायची हे आवडीवर ठरत नाही, नात्याच्या दिशेवर ठरतं. टिपलेल्या प्रत्येक ओळीसमोर लिहा: पलीकडे एकच नोंद आहे की अनेक?

अंक → प्रकाशक: एक. लेख → लेखक: एक. इथे सिलेक्ट_रिलेटेड चालतं. ते जॉइन लावून (दोन टेबलं जोडून) त्याच क्वेरीत पलीकडचे कॉलम आणतं. वन टू वन नातं असेल तर दोन्ही बाजूंनी चालतं.

अंक → लेख: अनेक. लेख → विषय: अनेक. इथे प्रीफेच_रिलेटेड. ते वेगळी क्वेरी मारतं. त्या क्वेरीत आयएन असतो, त्याच्या कंसात सगळ्या अंकांचे आयडी असतात, आणि जोडणी पायथनमध्ये होते.

मधलीही एक स्थिती असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पलीकडे एकच नोंद आहे, पण तीच ती नोंद फिरून फिरून येते. समजा ५००० लेखांची यादी आहे, ते सगळे १० अंकांतले आहेत, आणि अंकाच्या नोंदीत भलंमोठं संपादकीय साठवलेलं आहे. जॉइन लावला तर ते संपादकीय ५००० वेळा वायरवरून येईल आणि अंकाचे ५००० वेगळे ऑब्जेक्ट बनतील. अशा वेळी फॉरेन की असूनही प्रीफेच_रिलेटेड घ्या. एक क्वेरी जास्त जाईल, पण अंकाच्या १० ओळी एकदाच येतील.

## टप्पा ४: सिलेक्ट_रिलेटेड लावा

```
अंक.ऑब्जेक्ट्स.सिलेक्ट_रिलेटेड('प्रकाशक')
```

नाव नेहमी स्पष्ट लिहा. कंस रिकामा सोडला तर जँगो रिकामी राहू न शकणाऱ्या सगळ्या फॉरेन कींच्या मागे जातं, म्हणजे नको ते जॉइन लागतात. आणि नल चालणारी फॉरेन की मात्र वगळली जाते. हवं ते नाही आणि नको ते आहे, असा दुहेरी तोटा.

पुढची पायरी दोन अंडरस्कोरनी लिहा: 'लेखक__गाव'. यात लेखकही आपोआप येतो, तो वेगळा लिहायला नको. फॉरेन की नल चालणारी असेल तर लेफ्ट आउटर जॉइन लागतो, म्हणून लेखक नसलेले लेख गळत नाहीत.

⚠ व्हॅल्यूज किंवा व्हॅल्यूज_लिस्ट यांच्यानंतर सिलेक्ट_रिलेटेड लिहिलं तर टाइपएरर येतो. तिथे त्याची गरजही नसते. व्हॅल्यूजमध्येच 'प्रकाशक__नाव' मागा, जॉइन आपोआप लागतो.

तपासणी: ५० क्वेरी गेल्या पाहिजेत. २१०१ वरून २०५१. आकडा हलला नाही तर व्ह्यू बदललेला क्वेरीसेट वापरतच नाहीये. क्वेरीसेट बदलत नसतात, प्रत्येक पद्धत नवा क्वेरीसेट परत देते. क्यूएस.सिलेक्ट_रिलेटेड('प्रकाशक') एवढंच लिहून परत आलेली किंमत कशातच न ठेवणं ही इथली नेहमीची चूक.

## टप्पा ५: प्रीफेच लावा, आतून बाहेर

आधी सर्वांत आतलं नातं ठरवा, मग एकेक थर बाहेर या.

```
लेख_संच = लेख.ऑब्जेक्ट्स.सिलेक्ट_रिलेटेड('लेखक').प्रीफेच_रिलेटेड('विषय')

अंक.ऑब्जेक्ट्स.सिलेक्ट_रिलेटेड('प्रकाशक').प्रीफेच_रिलेटेड(
    प्रीफेच('लेख', क्वेरीसेट=लेख_संच)
)
```

अंक आणि प्रकाशक १ क्वेरी, लेख आणि लेखक १ क्वेरी, विषय १ क्वेरी. एकूण ३. प्रीफेच_रिलेटेड('लेख__लेखक', 'लेख__विषय') असं सरळ लिहिलं असतं तर लेखकांची वेगळी क्वेरी जाऊन ४ झाल्या असत्या. हा फरक किरकोळ आहे. प्रीफेच ऑब्जेक्टचा खरा फायदा म्हणजे आतल्या यादीचा क्रम, फिल्टर आणि कॉलम तुमच्या हातात राहतात.

लेखाकडून परत अंकाकडे जाण्यासाठी 'लेख__अंक' जोडू नका. अंकावरून लेख प्रीफेच करताना जँगो प्रत्येक लेखाला त्याचा अंक स्वतःच जोडून ठेवतं.

⚠ प्रीफेच ऑब्जेक्ट आधी, त्याच नात्यातून पुढे जाणारी साधी नावं नंतर. आधी 'लेख__विषय' आणि नंतर प्रीफेच('लेख', ...) लिहिलं तर जँगो व्हॅल्यूएरर देतं, कारण 'लेख' हे नातं त्याने आधीच दुसऱ्या क्वेरीसेटने पाहिलेलं असतं.

⚠ मुख्य क्वेरीवरचा फिल्टर आतल्या यादीला लागत नाही. अंक.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(लेख__प्रकार='कथा').प्रीफेच_रिलेटेड('लेख') लिहिल्यावर ज्यात कथा आहे असे अंक मिळतात, पण त्यांच्याखाली कविता, लेख, राशिभविष्य सगळं येतं. शिवाय ज्या अंकात पाच कथा आहेत तो अंक पाच वेळा येतो. फक्त कथा हव्या असतील तर फिल्टर प्रीफेचच्या आतल्या क्वेरीसेटवर लावा, आणि बाहेरच्या क्वेरीवर डिस्टिंक्ट लावा.

आता महत्त्वाचा बारकावा. आत फिल्टर लावलात तर टू_अ‍ॅट्र द्या:

```
प्रीफेच('लेख', क्वेरीसेट=लेख_संच.फिल्टर(प्रकार='कथा'), टू_अ‍ॅट्र='कथा_यादी')
```

टू_अ‍ॅट्र नसेल तर गाळलेली यादी अंक.लेख.ऑल() याच नावाखाली बसते. सहा महिन्यांनी दुसरं कोणी त्याच ऑब्जेक्टवर लेखांची पानं मोजायला जातं, आणि बेरीज कुठलीही तक्रार न करता कमी येते. टू_अ‍ॅट्र दिलं की साधी पायथन यादी मिळते. नाव वेगळं असल्याने घोळ होत नाही. हे नाव मॉडेलच्या कुठल्याही फील्डशी जुळता कामा नये.

प्रत्येक अंकाचे फक्त पहिले ५ लेख हवेत? जँगो ४.२ पासून प्रीफेचच्या आत [:५] असा तुकडा देता येतो, आणि तो प्रत्येक अंकाला वेगळा लागतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत तुकडा पाडल्यावर फिल्टर करता येत नाही असा एरर येतो.

तपासणी: आकडा ३ आला का? पेजिनेशन असेल तर एकूण नोंदी मोजणारी १ क्वेरी जास्त, लॉगिन असेल तर सेशन आणि यूजरच्या २ आणखी. त्याहून जास्त असेल तर पुढचा टप्पा तुमच्यासाठीच आहे.

## टप्पा ६: लावलेला प्रीफेच कुठे वाया जातो

प्रीफेच लावल्यावर क्वेरी कमी होण्याऐवजी दोनाने वाढल्या, अशी तक्रार वारंवार येते. कारण बहुतेकदा एकच: आणलेला डेटा कोणी वापरतच नाही.

प्रीफेचने आणलेली यादी अंक.लेख.ऑल() या एकाच वाटेने मिळते. त्यावर नवा क्वेरीसेट बनवणारं काहीही लावलं की जँगो पुन्हा डेटाबेसकडे जातं. फिल्टर, एक्सक्लूड, ऑर्डर_बाय, व्हॅल्यूज_लिस्ट, अग्रिगेट ही सगळी मंडळी यात आली. आधी आणलेल्या १००० ओळी मेमरीत पडून राहतात आणि वर ५० क्वेरी जातात.

मग करायचं काय:

- क्रम हवा असेल तर ऑर्डर_बाय प्रीफेचच्या आतल्या क्वेरीसेटवर लावा, टेम्प्लेटजवळ नको.
- गाळायचं असेल तर आत फिल्टर आणि टू_अ‍ॅट्र. दोन वेगळ्या याद्या हव्या असतील (कथा आणि कविता) तर एकदाच सगळे लेख आणा आणि पायथनमध्ये वाटा. २० लेखांच्या यादीवर पायथनची अट लावायला काहीच लागत नाही.
- बेरीज हवी असेल तर अग्रिगेटची जागा पायथनच्या बेरजेला द्या: सम(ले.पानं फॉर ले इन अंक.लेख.ऑल()). लेख दाखवायचेच नसतील, फक्त बेरीज हवी असेल, तर प्रीफेच काढा आणि टप्पा ७ पाहा.

फर्स्ट आणि लास्ट यांची गंमत वेगळी आहे. आतल्या क्वेरीसेटला क्रम दिलेला असेल (ऑर्डर_बायने किंवा मॉडेलच्या मेटामध्ये) तर ऑल().फर्स्ट() आणलेल्या यादीतूनच उत्तर देतं. क्रम नसेल तर ते प्रायमरी कीनुसार स्वतः क्रम लावायला जातं, म्हणजे नवी क्वेरी. लास्ट तर क्रम उलटा करतं, त्यामुळे नेहमीच नवी क्वेरी. शेवटचा लेख हवा असेल तर यादी करून घ्या आणि शेवटचा घटक उचला. यादी रिकामी असू शकते हे विसरू नका.

टेम्प्लेटमध्ये आणखी एक सवय आढळते: आधी एक्झिस्ट्स विचारायचं, मग लूप फिरवायचा. प्रीफेच नसलेल्या क्वेरीसेटवर या दोन क्वेरी होतात. यादी दाखवायचीच असेल तर सरळ क्वेरीसेटच अटीत ठेवा. तो एकदा आणला जातो आणि लूप त्याच डेटावर फिरतो. एक्झिस्ट्स तेव्हाच वापरा जेव्हा ‘आहे की नाही’ यापलीकडे काहीच नको असतं.

ऑब्जेक्ट आधीच यादीच्या रूपात हातात असतील (उदाहरणार्थ सर्च इंजिनच्या निकालावरून बनवलेले) तर क्वेरीसेट नाही म्हणून अडू नका. प्रीफेच_रिलेटेड_ऑब्जेक्ट्स हे फंक्शन यादी आणि नात्यांची नावं घेऊन तेच काम करतं.

रुबी ऑन रेल्स किंवा लाराव्हेल (रुबी आणि पीएचपीची वेब फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांनाही हाच सापळा आहे. रेल्समध्ये प्रीलोड वेगळी क्वेरी मारतं, ईगर_लोड लेफ्ट आउटर जॉइन लावतं, आणि इन्क्लूड्स या दोघांतून निवड करतं. पण लोड झालेल्या नात्यावर व्हेअर लावलं की पुन्हा फेरी. लाराव्हेलमध्ये विथ लावून आणलेलं नातं कंसाशिवाय वाचायचं असतं. कंस लावला की ती नवी क्वेरी. दोन्हीकडे एक सोय मात्र चांगली आहे. रेल्स ६.१ पासूनचं स्ट्रिक्ट_लोडिंग आणि लाराव्हेलचं प्रिव्हेंटलेझीलोडिंग, आधी न आणलेल्या नात्याला हात लागताच एरर देतात. डेव्हलपमेंटमध्ये ते चालूच ठेवा.

## टप्पा ७: मोजणी, कमी कॉलम आणि मोठे संच

७.१ नुसता आकडा हवा असेल तर अ‍ॅनोटेट. ‘या अंकात किती लेख’ एवढंच छापायचं तर १००० लेख आणायचं कारण नाही. अ‍ॅनोटेट(लेख_संख्या=काउंट('लेख')) एकाच क्वेरीत देतं.

⚠ दोन ‘अनेक’ नाती एकाच अ‍ॅनोटेटमध्ये मोजू नका. अंकाला २० लेख आणि ३ परीक्षणं आहेत असं समजा. दोन्ही काउंट एकत्र लावले की दोन जॉइन एकमेकांवर चढतात, २० × ३ = ६० ओळी होतात आणि दोन्ही आकडे ६० येतात. डिस्टिंक्ट=ट्रू दिलं की काउंट सुधारतो. पण बेरजेला ते औषध लावू नका. डिस्टिंक्ट बेरीज समान किमती एकदाच धरते, म्हणजे ४ पानांचे दोन लेख असतील तर एकच मोजला जाईल. बेरजेसाठी आउटररेफ (बाहेरच्या क्वेरीतल्या नोंदीकडे बोट दाखवणारा) असलेली सबक्वेरी लिहा. एखाद्या अंकाचं सर्वांत ताजं परीक्षण हवं असेल तरी तीच वाट.

७.२ कॉलम कमी करायचे असतील तर जपून. ओन्ली लावून फक्त शीर्षक आणलं आणि टेम्प्लेटने पानं विचारली, तर प्रत्येक लेखामागे एक क्वेरी जाते. दारातून हाकललेली व्याधी खिडकीतून आत. दोन जागा खास लक्षात ठेवा. प्रीफेचच्या आतल्या क्वेरीसेटवर ओन्ली लावताना अंकाकडे नेणारी फॉरेन की त्यात असलीच पाहिजे. जोडणीसाठी जँगोला ती लागते, आणि नसेल तर ते एकेका लेखासाठी ती मागवत बसतं. आणि सिलेक्ट_रिलेटेड('लेखक') असताना ओन्लीमध्ये 'लेखक' नसेल तर फील्डएरर येतो. मुळात कॉलमांची काटछाट मोठ्या मजकुराचे किंवा जेसनचे फील्ड असतील तरच करा. चार आकडे आणि एक तारीख वाचवून काही हाती लागत नाही.

७.३ हजारो नोंदी असतील तर तुकड्यांनी. प्रीफेचच्या आयएनमध्ये मुख्य नोंदींचे सगळे आयडी जातात. ५० अंकांना ते ठीक, ५०,००० अंकांच्या एक्सपोर्टला नाही. क्वेरी अजस्र होते, सगळे ऑब्जेक्ट एकाच वेळी मेमरीत बसतात, आणि एसक्यूलाइटवर तर व्हेरिएबल जास्त झाल्याचा एरर येऊ शकतो. इटरेटर(चंक_साइझ=५००) वापरा. प्रत्येक ५०० अंकांमागे प्रीफेच वेगळा चालतो. लेख आणि विषय अशा दोन प्रीफेचसह १०० तुकड्यांच्या २०० आणि मुख्य १, मिळून २०१ क्वेरी होतात. इथे ३ हा आकडा गाठायचा अट्टहास धरू नका.

⚠ जँगो ४.१ च्या आधी इटरेटर प्रीफेचकडे चक्क दुर्लक्ष करत असे. ५.० पासून प्रीफेच असताना चंक_साइझ दिला नाही तर व्हॅल्यूएरर येतो.

तपासणी: आता एकेका क्वेरीचा वेळ पाहा. लेखांची आयएनवाली क्वेरीच मंद असेल तर इंडेक्स तपासा. जँगो फॉरेन कीवर इंडेक्स स्वतः बनवतं. पण टेबल जुनं असेल, हाताने बनवलेलं असेल आणि मॉडेलमध्ये मॅनेज्ड=फॉल्स असेल, तर पोस्टग्रेस स्वतःहून फॉरेन कीवर इंडेक्स बनवत नाही. क्वेरीसेटवर एक्सप्लेन(अ‍ॅनालाइझ=ट्रू) चालवा. अख्खं टेबल वाचलं जात असेल तर तिथे लगेच दिसेल.

अ‍ॅडमिनबद्दल (जँगोसोबत येणाऱ्या व्यवस्थापनाच्या पानांबद्दल) थोडक्यात. लिस्ट_डिस्प्लेमध्ये (यादीत दाखवायच्या कॉलमांत) थेट फॉरेन की असेल तर अ‍ॅडमिन स्वतःच सिलेक्ट_रिलेटेड लावतं, पण रिकाम्या कंसाचं. म्हणून नल चालणारी फॉरेन की सुटते, आणि पद्धतीच्या आडून वापरलेली तर त्याला दिसतच नाही. टप्पा १ मध्ये काही फॉरेन की रिकाम्या ठेवायला सांगितलं ते यासाठी. लिस्ट_सिलेक्ट_रिलेटेडमध्ये नावं लिहून द्या. बदल करण्याच्या पानावर हजारो लेखकांचा ड्रॉपडाउन भरत असेल तर ऑटोकम्प्लीट_फील्ड्स लावा.

## टप्पा ८: आकड्याला कुलूप लावा

क्वेरी ३ वर आल्या, काम मर्ज झालं, आणि महिन्याभराने कोणीतरी सिरिअलायझरमध्ये लेखकाचं गाव जोडलं. पुन्हा १००३. हे टेस्टशिवाय थांबत नाही.

क्वेरीसेट सिरिअलायझरच्या शेजारी ठेवा. रेस्ट फ्रेमवर्कमध्ये (जँगोवर एपीआय बनवण्याच्या लायब्ररीत) व्ह्यूच्या गेट_क्वेरीसेटमध्ये, किंवा मॉडेलच्या क्वेरीसेटवर 'सूचीसाठी' अशी एखादी पद्धत लिहून. मॉडेलच्या मूळ मॅनेजरमध्येच सगळी नाती घालून टाकण्याचा मोह टाळा. मग एका अंकाचं नाव विचारणाऱ्या पानालाही हजार लेख वाहून आणावे लागतात.

असर्टनमक्वेरीज(३) ही टेस्ट साध्या व्ह्यूला पुरते. पण सेशन, परवानग्या, मिडलवेअर यांच्या क्वेरी मिसळल्या की नुसता आकडा ठिसूळ होतो आणि लोक तो डोळे झाकून वाढवतात. त्यापेक्षा तुलना करा:

१. २ अंक आणि प्रत्येकी २ लेख बनवा. प्रत्येक लेखाला लेखक आणि किमान एक विषय द्या. नातं रिकामं असेल तर पुढची प्रीफेच क्वेरी निघतच नाही आणि तुलना फसते.
२. पानाला एकदा विनंती करून निकाल टाकून द्या. पहिल्या फेरीत काही गोष्टी कॅशमध्ये भरल्या जातात.
३. कॅप्चरक्वेरीजकॉन्टेक्स्टमध्ये पुन्हा विनंती करा आणि आकडा ठेवा.
४. आणखी ८ अंक, प्रत्येकी ५ लेख जोडा. तीच विनंती, नवा आकडा.
५. दोन्ही आकडे समान असलेच पाहिजेत. पेजिनेशनमुळे दुसऱ्या वेळी १० ही अंक खरंच परत आले का, हेही त्याच टेस्टमध्ये तपासा. पानाचा आकार २ असेल तर ही टेस्ट कायम हिरवीच राहील.

टेस्ट फुटली की टिपलेल्या क्वेरी छापा आणि कुठल्या टेबलाचं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते पाहा. टेबल लेखकाचं असेल तर टप्पा ४, विषयाचं असेल तर टप्पा ५. लेखांचंच असेल आणि क्वेरीत आयएन नसून एकच अंक_आयडी दिसत असेल, तर कोणीतरी ऑल() च्या पुढे फिल्टर जोडला आहे.